थंडीत गुडघे धरतात तेव्हा: सकाळपासून रात्रीपर्यंत काय करायचं

थंडीने गुडघा झिजत नाही. हे एकदा नीट समजलं की पुढचं बरंचसं सोपं होतं. वर्षभर थोडेफार कुरकुरणारे गुडघे डिसेंबर-जानेवारीत जास्त दुखतात, अंथरुणातून उठताना धरल्यासारखे होतात, पहिली दहा-वीस पावलं नकोशी वाटतात. हे खरं आहे. पण या वाढलेल्या दुखण्याचा अर्थ आतली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर, अचानक जास्त झिजली असा नसतो. नुकसान होतं ते त्यानंतर. दुखतंय म्हणून चालणं बंद होतं, दोन-अडीच महिने खुर्चीत आणि पांघरुणात जातात, मांडीचा स्नायू सुटतो, दोन किलो वजन चढतं आणि होळीनंतर ऊन तापलं तरी गुडघा मार्गशीर्षापूर्वी होता तसा होत नाही. थंडीतली सगळी काळजी हे टाळण्यासाठी घ्यायची असते.

गारठ्यात नेमकं काय होतं? सांध्यातलं वंगण खोबरेल तेलासारखं थिजत नाही, पण किंचित दाट होतं. सांध्याभोवतीचे स्नायू आणि त्यांचे दोर ताठ राहतात. हातापायांकडचा रक्तपुरवठा शरीर कमी करतं. गुडघ्यावर मांसाचं आवरण कमी, म्हणून तो मांडीपेक्षा लवकर गार पडतो. त्यात रात्रभर हालचाल नसते, त्यामुळे सगळ्यात अवघड वेळ पहाटेची.

हवामान आणि सांधेदुखी यांचं नातं किती पक्कं, यावर अभ्यासांचं एकमत नाही. मँचेस्टर विद्यापीठाच्या २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २,६५८ लोकांनी मोबाइलवर रोज आपलं दुखणं नोंदवलं. दमट हवा, कमी झालेला हवेचा दाब आणि जोराचा वारा असलेल्या दिवशी दुखणं थोडं जास्त आढळलं. नुसत्या तापमानाशी मात्र ठळक संबंध दिसला नाही. अमेरिकेत २०१७ साली १ कोटी १० लाखांहून अधिक दवाखाना-भेटींची पाहणी झाली, त्यात पावसाचा आणि सांधेदुखीच्या तक्रारींचा संबंध सापडला नाही. तेव्हा हवेचा वाटा असला तरी तो लहान आहे. आपल्या हातात असलेला वाटा बराच मोठा आहे.

अंथरुणातली दहा मिनिटं

जाग आल्याबरोबर उठून उभं राहू नका. पांघरुणाच्या उबेतच सांधे हलवायचे आणि मग त्यांच्यावर वजन टाकायचं. थंडीतला सर्वांत उपयोगी उपाय हाच, आणि त्याला एक पैसाही लागत नाही.

पाठीवर झोपून आधी दोन्ही पावलं घोट्यातून वर-खाली करा, वीस वेळा. मग एकेका पायाची टाच गादीवरून सावकाश आपल्याकडे ओढत गुडघा वाकवा आणि तशीच पुढे सरकवा, दहा वेळा. ताण जाणवेल तिथपर्यंतच जा. कळ येईपर्यंत ओढू नका.

त्यानंतर टॉवेलची मनगटाएवढी जाड गुंडाळी करून गुडघ्याखाली ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबा. मनात पाच आकडे मोजा, सोडा. दहा वेळा. बरोबर होतंय का हे पाहायला मांडीच्या पुढच्या भागावर हात ठेवा, तिथला स्नायू कडक झालेला लागला पाहिजे. बरेच जण दाबताना श्वास रोखून धरतात. रक्तदाब असलेल्यांनी हे कटाक्षाने टाळावं. आकडे तोंडाने मोठ्याने मोजले की श्वास आपोआप चालू राहतो.

शेवटी एक पाय गुडघ्यात वाकवून ठेवा आणि दुसरा सरळ, ताठ, साधारण फूटभर वर उचला. पाच मोजा, हळू खाली आणा. प्रत्येक पायाने दहा वेळा. पाय आणखी वर नेण्यात काही फायदा नाही. तेव्हा मांडीऐवजी जांघेचा स्नायू काम करू लागतो. कंबर दुखत असेल तर हा प्रकार वगळा, टॉवेलचा पुरेसा आहे.

आता कडेला बसा, पाय लोंबते ठेवा आणि मिनिटभर तसेच राहा. वय झालेल्यांचा, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांचा रक्तदाब एकदम उठल्यावर घसरतो आणि चक्कर येते. बसल्या बसल्या एकेक गुडघा दहा वेळा सरळ करा आणि मग उभे राहा. सपाता पलंगाला लागूनच असू द्या. शहाबादी किंवा ग्रॅनाइटची फरशी जानेवारीच्या पहाटे बर्फासारखी असते, पाय बोटं आवळून पडतो आणि तो ताण थेट गुडघ्यात जातो.

दिवसातून दोनदा आणखी एक व्यायाम करा: खुर्चीतून उठणं-बसणं. खुर्ची साधारण १८ इंच उंच, भिंतीला टेकवलेली. हात छातीवर घेऊन, ते जमत नसेल तर हातांचा आधार घेऊन, आठ ते दहा वेळा. उठताना गुडघे एकमेकांकडे आत झुकू देऊ नका, ते पावलांच्या दिशेत राहिले पाहिजेत. बसताना धपकन बसू नका, कारण स्नायू तयार होतो तो सावकाश खाली येताना.

व्यायामाने थोडं दुखलं तर घाबरायचं कारण नाही. दुखणं दोन तासांत उतरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं नसलं तर मात्रा बरोबर आहे. वाढलेलं असलं तर संख्या निम्मी करा, पण बंद करू नका.

शेक: किती, कसा आणि कधी नाही

आखडलेल्या, गार पडलेल्या गुडघ्याला शेक चांगलाच. १५ ते २० मिनिटं पुरतात. तासभर पिशवी ठेवून जास्त गुण येत नाही, फक्त कातडी लाल आणि डागाळलेली होते. गरम पाण्याची पिशवी दोन-तृतीयांशच भरा, झाकण लावण्याआधी दाबून आतली हवा काढा, म्हणजे ती गुडघ्यावर नीट बसते. पाणी उकळतं नको. उकळी आलेलं पाणी पाच-सात मिनिटं थांबवून ओता आणि पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळा. रबर दोन-तीन वर्षांत चिवटपणा सोडतं, घडीवर भेगा दिसल्या की पिशवी टाकून द्या.

मिठाची पुरचुंडीही उत्तम काम करते. पाव किलो खडेमीठ तव्यावर कोरडंच पाच मिनिटं भाजा, जाड सुती कापडात बांधा, आधी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा आणि मग गुडघ्याच्या दोन्ही कडांनी व मांडीच्या खालच्या भागावर फिरवा. थेट वाटीवर दाबून धरू नका. बोटं आखडत असतील तर पातेल्यात सोसवेल इतकं कोमट पाणी घेऊन त्यात मऊ स्पंज पाच मिनिटं मुठीत दाबत-सोडत राहा. पोळ्या लाटायला बसण्याआधी हे केलं तर लाटणं धरणं सुसह्य होतं.

शेकाने होणाऱ्या भाजण्यांमागे अनेकदा ही दोन कारणं सापडतात. एक, मधुमेहामुळे पावलांची आणि पोटऱ्यांची संवेदना कमी झालेली असते, चटका कळतच नाही आणि संध्याकाळी फोड दिसतो. अशांनी तापमान स्वतः न ठरवता घरातल्या दुसऱ्याच्या हाताने तपासून घ्यावं, आणि पावलांना शेक देऊच नये. दुसरं, बाम किंवा वेदनाशामक मलम चोळून त्यावर गरम पिशवी ठेवणं. मलमातल्या द्रव्यांची जळजळ आणि उष्णता एकत्र येऊन कातडी भाजते. दोन्हींपैकी एकच करा. विजेचं शेकण्याचं पॅड घेऊन झोपी जाऊ नका.

आणि सांधा लाल, सुजलेला, हाताला गरम लागत असेल तर शेक नको. तिथे बर्फ कापडात गुंडाळून १० ते १५ मिनिटं ठेवा. आखडलं तर ऊब, सुजून तापलं तर गारवा, एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ.

तेल लावायचं तर आंघोळीच्या अर्धा तास आधी. दोन चमचे तिळाचं तेल वाटीत घेऊन ती वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा. गुडघ्याच्या वाटीपेक्षा मांडीला आणि पोटरीला वेळ द्या, कारण आखडलेले असतात ते स्नायू. तेल झिरपून कूर्चेपर्यंत जात नाही. गुण येतो तो उबेचा, हाताच्या दाबाचा आणि रक्तप्रवाहाचा, आणि तो गुण खरा असतो. तळव्यांचं तेल मात्र पुसूनच मोरीत पाऊल टाका. एकाच पायाची पोटरी सुजून दुखत असेल तर तिथे मालिश अजिबात करू नका. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते, आधी डॉक्टरांना दाखवा.

आंघोळीबद्दल एक कळकळीची सूचना. थंडीत कडेकोट बंद न्हाणीघरात गॅस गिझर चालू ठेवल्याने दरवर्षी माणसं दगावतात. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. गिझर बाहेर बसवा, किंवा बादल्या भरून गिझर बंद करून मग दार लावा. झोपण्याच्या खोलीत कोळशाची शेगडी ठेवतानाही हाच धोका आहे.

बाहेर पडणं, चालणं, कपडे

पहाटे साडेपाचला टेकडीवर जाण्याचा नेम उन्हाळ्यात ठेवा. निफाड-नाशिककडे, पुण्यात, विदर्भात थंडीच्या लाटेत पारा १० अंशांखाली जातो. तेव्हा साडेआठ-नऊनंतर, ऊन अंगावर आल्यावर निघा. निघण्यापूर्वी घरातच पाच मिनिटं चाला. एकदम अर्धा तास जमत नसेल तर १० मिनिटांच्या तीन फेऱ्या करा, फायदा तोच. रस्ता सपाट निवडा. टेकडी चढण्यापेक्षा उतरताना गुडघ्यावर जास्त भार येतो.

गुडघ्याला लोकरी पट्टा किंवा नी कॅप बांधायची असेल तर ती उबेसाठी आहे हे लक्षात असू द्या. तिच्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. काढल्यावर खोल वळ उमटत असेल, पावलं सुजत असतील तर ती घट्ट आहे. रात्री झोपताना काढा. दिवसभर बांधून ठेवल्याने स्नायू आळसावतो, म्हणून बाहेर जाण्यापुरती आणि पहाटेच्या कामांपुरती ठेवा. दुचाकीवर जाणाऱ्यांना सगळ्यात जास्त झोंबतो तो गुडघ्यावरचा वारा. विजारीच्या आत एक थर्मल घातली की मोठा फरक पडतो.

काठी वापरायची तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. बरेच जण ती उलट धरतात. हात सैल सोडून उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीच्या पातळीला यावी. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि कठडा धरलेलाच.

उकिडवं बसणं आणि मांडी घालणं थंडीच्या महिन्यांत सकाळी तरी टाळा. देशी संडास असेल तर त्यावर बसवायची कमोड खुर्ची औषधाच्या दुकानात मिळते. पूजा, भाजी निवडणं, भाकरी थापणं यांसाठी उंच स्टूल किंवा ओटा वापरा. खाली बसून पूजा करण्याचा नेम मोडायला मन धजत नाही हे समजू शकतं; चौरंग टेबलावर ठेवला तर नेमही राहतो आणि गुडघाही.

औषधं: इथे घाई महागात पडते

पहिली पायरी लावायच्या औषधाची. डायक्लोफेनॅक १ टक्का जेल गुडघ्याच्या दुखण्याला चांगलं लागू पडतं, आणि गोळीच्या मानाने फारच थोडं रक्तात जातं. ते काम करत नाही असं म्हणणारे बहुतेक जण वाटाण्याएवढं लावतात. मोठ्या माणसाच्या एका गुडघ्याला एका वेळेस ४ ग्रॅम लागतं, दिवसातून चार वेळा. म्हणजे ३० ग्रॅमची ट्यूब दोन दिवसांपेक्षा कमी टिकते. गुडघ्याच्या सगळ्या बाजूंना हलक्या हाताने पसरा, नंतर हात धुवा. फुटलेल्या कातडीवर लावू नका. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर जेलही विचारूनच वापरा.

पॅरासिटामॉल पोटाला सौम्य असलं तरी झिजेच्या दुखण्यावर त्याचा परिणाम बेताचाच असतो. निरोगी प्रौढाने २४ तासांत ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडायची नाही. वय जास्त, वजन कमी, यकृताचा त्रास किंवा रोजचं मद्यपान असेल तर मर्यादा त्याहून बरीच खाली, ती डॉक्टरांनीच ठरवावी. यात एक फसगत नेहमी होते. दुकानातून 'दुखण्याची गोळी' म्हणून मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत एसिक्लोफेनॅक १०० मिलिग्रॅमबरोबर पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम आधीच असतं. वर तापासाठी आणखी पॅरासिटामॉल घेतलं की हिशेब चुकतो. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचा.

एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन या गोळ्या काम करतात, पण पोटात व्रण करू शकतात, रक्तदाब चढवतात आणि मूत्रपिंडावर ताण आणतात. रक्तदाबाची गोळी, लघवी साफ करणारी गोळी आणि ही वेदनाशामक गोळी असं त्रिकूट मूत्रपिंडाला विशेष घातक, आणि थंडीत तहान कमी लागून पाणीही कमी प्यायलं जातं. म्हणून ही गोळी सर्वांत कमी मात्रेत, सर्वांत कमी दिवस आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच. 'मागच्या वर्षीची चिठ्ठी आहे' म्हणून परस्पर आणू नका.

सुट्या पुड्या, नाव नसलेल्या काळ्या गोळ्या, 'जडीबुटीचं आहे, काही अपाय नाही' असं सांगून दिलेली चूर्णं यांपासून दूर राहा. अशा औषधांत स्टेरॉइड मिसळलेलं वारंवार सापडलं आहे. दोन दिवसांत जादू झाल्यासारखा आराम, मग वाढलेली भूक, गोल सुजलेला चेहरा, चढलेली साखर आणि पुढे ठिसूळ झालेली हाडं. कुणी अशी पुडी महिनोन्‌महिने घेत असेल तर एकदम बंदही करू नये. शरीराने स्वतःचं स्टेरॉइड तयार करणं थांबवलेलं असतं, अचानक थांबवल्यास जिवावर बेतू शकतं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, रागावतील म्हणून लपवू नका.

सांध्यांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्यांवर महिन्याला खर्च करण्याइतका पुरावा नाही. तेच पैसे दोन-चार वेळा फिजिओथेरपिस्टकडे जाऊन व्यायाम नीट शिकण्यावर घालवणं अधिक शहाणपणाचं.

खाणं आणि ऊन

डिंकाचे, मेथीचे, अळिवाचे लाडू थंडीत खावेतच, पण मोजून. तूप-गूळ-खोबऱ्याच्या एका मध्यम लाडवात २०० किंवा त्याहून अधिक कॅलरी असतात. दिवसाला एक, आणि तोही नाश्त्याच्या जागी, वर नव्हे. शरीराचं वजन १ किलोने कमी झालं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे ४ किलोने कमी होतो. वाढलं तर हाच हिशेब उलटा. बाजरीची भाकरी, तीळ, पालेभाज्या, कडधान्यं, दही हे सगळं चालतं. दही-ताकाने सांधे आखडतात या समजाला आधार नाही.

कोवळ्या उन्हात बसल्याने ऊब मिळते, मन प्रसन्न होतं, आखडलेपण सुटतं. ड जीवनसत्त्व मात्र त्या तिरप्या उन्हात फारसं तयार होत नाही. त्यासाठी सकाळी ११ ते दुपारी ३ दरम्यानचं ऊन हात-पायांच्या उघड्या कातडीवर थेट पडावं लागतं, खिडकीच्या काचेतून आलेलं चालत नाही. रक्ततपासणीत कमतरता आढळली तर ६०,००० युनिटची पुडी सहसा आठवड्याला एक अशी ठरावीक आठवडेच देतात. ती वर्षानुवर्षं दर आठवड्याला घेत राहिल्यास रक्तातलं कॅल्शियम वाढून मुतखडा आणि मूत्रपिंडाचा त्रास होऊ शकतो.

पावसाळ्यात आणि ऋतू बदलताना

सततच्या पावसात दुखणं वाढतं त्याचं एक साधं कारण म्हणजे चालणं थांबतं. घरातल्या घरात, जमलं तर इमारतीच्या वाहनतळात, तेवढीच मिनिटं चाला. ओले कपडे लगेच बदला, वातानुकूलन यंत्राचा झोत थेट गुडघ्यांवर घेऊ नका. शेवाळलेल्या फरशा हा खरा धोका. खरबरीत तळव्याच्या चपला घ्या.

पावसाळ्यानंतर ताप येऊन गेला आणि त्यापाठोपाठ मनगटं, घोटे, बोटं आठवडेच्या आठवडे दुखत राहिली तर ते हवेचं दुखणं म्हणून सोडून देऊ नका. २००६ सालच्या मोठ्या साथीपासून चिकनगुनिया महाराष्ट्राला परिचित आहे आणि त्याची सांधेदुखी महिनोन्‌महिने रेंगाळते. ताप असताना, डेंग्यू नाही हे स्पष्ट होईपर्यंत, वर सांगितलेल्या एसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका, रक्तस्रावाचा धोका असतो.

हे दुखणं थंडीचं नव्हे

झिजेच्या गुडघ्याचं सकाळचं आखडणं बहुधा अर्ध्या तासात सुटतं. ते तास-दीड तास टिकत असेल, दोन्ही हातांची बोटं आणि मनगटं सारखीच सुजत असतील, तर आमवाताची, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते त्या आजाराची, तपासणी करून घ्या. तो वेळेत ओळखला तर औषधांनी सांधे वाकडे होण्यापासून बऱ्याच अंशी वाचवता येतात, म्हणून 'संक्रांतीनंतर बघू' असं म्हणण्यात मोलाचे महिने जातात. रात्रीत अंगठ्याचं मूळ लालबुंद होऊन चादरीचा स्पर्शही सोसेनासा झाला तर ते बहुधा युरिक अ‍ॅसिडचं दुखणं. त्याचे बारीक खडे शरीराच्या थंड भागांत लवकर जमतात, त्यामुळे पायाचा अंगठा आधी सापडतो.

एकच सांधा अचानक सुजून गरम झाला आणि सोबत ताप-थंडी असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. सांध्यात जंतुसंसर्ग झाला असेल तर काही दिवसांत सांधा कायमचा खराब होतो. पडल्यानंतर पायावर उभंच राहता येत नसेल तर चोळत बसू नका, एक्स-रे काढा. आणि गारठ्यात चालताना डावा खांदा, दंड किंवा जबडा दुखू लागला, छाती भरून आली, घाम फुटला तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो, खांद्याचा सांधा समजून शेकत बसू नका. जिथे असाल तिथे बसा आणि १०८ ला फोन करा.